तीननंतरचा आवाज

धुक्यात चालताना आमची एक पद्धत आहे. कॉलेजात सुरू झाली, पन्नाशी आली तरी तशीच आहे. सगळ्यात पुढचा थांबून ओरडतो, "एक." त्याच्या मागचा म्हणतो, "दोन." असं मागे मागे येत ओळीतला शेवटचा माणूस आकडा न सांगता नुसतं "शेवट" म्हणतो. ते ऐकू आलं की पुढचा पाऊल उचलतो. नाही आलं तर सगळे जागच्या जागी उभे राहतात.

शेवट म्हणायचं काम माझं. तेव्हा त्याला कारण होतं. मी घाबरत नसे, औषधांचा डबा माझ्याकडे असे आणि कोणाला मागे टाकून पुढे जायची घाई मला नसे. "वसू मागे असली की मागे बघावं लागत नाही," असं माणिक म्हणायची आणि मला ते आवडायचं. अलीकडे मी शेवटी असते त्याचं कारण वेगळं आहे. पण जागा तीच असल्यामुळे फरक कोणाच्या लक्षात आलेला नाही.

तो श्रावणातला रविवार होता. गिरीशची गाडी पहाटेच निघाली. माणिक त्याच्या शेजारी, निला आणि मी मागे. चौघं एकाच वर्गातले. माणिक आता बँकेत मोठ्या पदावर आहे, निला दातांची डॉक्टर आहे, गिरीशचा छापखाना आहे. मी एका औषध कंपनीच्या तपासणी विभागात आहे. वर्षातून एकदा पावसात चौघांनी जायचं, नवरे-बायका-मुलं कोणी नको, हे ठरलेलं आहे. या वेळी माणिकनं एक धबधबा शोधून काढला होता. रस्त्यावरून दिसत नाही, वरच्या माळावरूनही दिसत नाही, घळीत शिरल्यावरच दिसतो. ती दोन वर्षांपूर्वी तिथे जाऊन आली होती.

मी खिडकीला डोकं टेकलं.

"ए, झोपू नकोस हां," गिरीश आरशातून म्हणाला. "मागे कोणी झोपलेलं दिसलं की मलाही झोप येते."

"झोपू दे रे तिला," निला म्हणाली.

"घरी झोपावं की. गाडीत झोपायला आम्ही काय पेट्रोल जाळतोय?"

"घरी कसं आहे वसू? अण्णा?" माणिकनं मान वळवून विचारलं.

"आहेत तसेच."

अण्णा माझे सासरे. त्यांना कंपवाताचा आजार आहे. रात्री त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही, बदलून द्यावी लागते. हाक मारताना ते कोणाचं नाव घेत नाहीत, नुसतं "अगं" म्हणतात. त्या हाकेनं घरात मी एकटीच जागी होते. मिलिंदची झोप गाढ आहे. तो वाईट माणूस नाही. सकाळी विचारतो, "रात्री उठावं लागलं का गं?"

दिवसा सांभाळायला येणारी बाई टिकत नाही. एक गेली, दुसरी गेली, आता आहे तीही दिवाळीपर्यंतच म्हणते. कोणीतरी एकानं घरी राहायला हवं, असं मिलिंद महिनाभर म्हणत होता. मी "हं" म्हणत होते. हं म्हणजे ऐकलं, एवढाच माझा अर्थ होता. आणि काल संध्याकाळी मी ओट्याशी असताना तो गॅलरीत फोनवर बोलत होता. पलीकडे अलकावन्सं होत्या, त्याची मोठी बहीण. "हो ना. ठरवलंय तिनं. सोडतेय नोकरी. सोमवारी सांगेल साहेबांना." मग थोडा वेळ ऐकून घेऊन म्हणाला, "नाही नाही, तिची काही कुरकुर नाही. ती स्वतःच म्हणाली."

मी तसं म्हणाले नव्हते. पण तेव्हा बाहेर जाऊन काही बोलले नाही. भाजी खाली लागत होती.

आता सोमवार उद्यावर आला होता. दिवसभर चालताना शांतपणे विचार करू, संध्याकाळपर्यंत काय ते ठरेल, असं मनाशी म्हणून मी बूट घातले होते. मला माझी नोकरी आवडते. तपासणीच्या खोलीत यंत्र कागदावर आपली रेघ काढत असतं. ती पूर्ण होईपर्यंत कोणी काही करू शकत नाही, कोणी मला हाक मारत नाही. एवढ्या कारणासाठी नोकरी ठेवायची असते का, हे मला कळत नव्हतं.

खालच्या वाडीत एका घरी दुपारचं जेवण सांगून ठेवलं होतं. तिथल्या मामी अंगणात राख टाकत होत्या, पाय घसरू नये म्हणून.

"चारच जणं? पुरुष एकच?"

"एकच आणि तोही असा," माणिक म्हणाली.

"भाकऱ्या किती थापू ते सांगा. मागल्या येळंला आलेली पोरं, सांगून गेली धा जणांचं आन् वरच्या वर पळाली."

"आम्ही पळण्यातले नाही मामी," गिरीश म्हणाला. "आमच्याकडून पळणंच होत नाही."

मामींनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "बाय, तू चा घेऊन जा," म्हणाल्या. बाकीच्यांना विचारलं नाही. मी उभ्या उभ्या घेतला, कारण माणिकनं तोवर सॅक पाठीला लावली होती.

वाट पहिल्यापासून चढाची होती. पाऊस मोठा नव्हता, पण थांबतही नव्हता. कारवीची पानं दोन्ही बाजूंनी अंगावर येत होती. पाठीवरच्या रेनकोटच्या आत घामानं आणि बाहेर पावसानं सारखंच भिजायला होत होतं, तेव्हा तो घालण्यात अर्थ नव्हता आणि काढण्यातही नव्हता. बुटात पाणी शिरलं की सुरुवातीला वाईट वाटतं, मग वाटेनासं होतं.

थोड्याच वेळात ते तिघं दिसेनासे झाले. वळणावर पोचले की कातळावर बसलेले असायचे. गिरीश शेंगदाणे खात असायचा. मी जवळ आले की माणिक उठून म्हणायची, "आली. चला."

हे गणित साधं आहे. पुढचे पोचतात तेव्हा बसतात, आणि शेवटचा पोचतो तेव्हा उठतात. म्हणजे ज्याला विसाव्याची सगळ्यात जास्त गरज असते त्याच्या वाट्याला तो अजिबात येत नाही. शिकताना मी हे कधी मांडून पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा मला दम लागत नसे.

"शेंगदाणे घे," निला म्हणाली.

मी हात पुढे केला तोवर सगळे चालायला लागले होते. मी ते चालता चालता खाल्ले.

डोंगराच्या दांडावर आलो तसं धुकं उतरलं. आधी समोरचा डोंगर गेला, मग झाडं गेली, मग निलाची लाल सॅक गेली.

"एक," वरून माणिकचा आवाज आला.

"दोन," निला.

"तीन," गिरीश.

मी थांबले, श्वास घेतला. "शेवट."

"ऐकू नाही आलं."

"शेवट," मी पुन्हा म्हणाले. ओरडायला पोटातून हवा लागते आणि ती चढाला खर्च झालेली होती.

धुक्यातून बारीक, नाकातला आवाज आला. "शेए-वट." गिरीश माझी नक्कल करत होता. नक्कल चांगली होती. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तो आमच्या सगळ्या प्राध्यापकांची करायचा.

"अगदी वसू," निला हसली.

"बघ वसू, मी शिकून घेतलं. तू घरी राहिलीस तरी चालेल आता."

मीही हसले.

त्यानंतर माणिकनं वाट चुकवली. दांड संपल्यावर दोन वाटा होत्या. एक अरुंद, गवतातून डावीकडे वळणारी. दुसरी रुंद, चांगली मळलेली, सरळ जाणारी. माणिक रुंद वाटेनं गेली आणि तिच्यामागे आम्ही गेलो. पावसाळ्यात सगळ्यात मळलेली वाट गुरांची असते, हे आम्हाला प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रत्येकानं ते कधी ना कधी दुसऱ्याला सांगितलेलं आहे. चिखलात खुरांचे ठसे होते, शेण होतं, तेही दिसत होतं. तरी माणूस विचार करतो की एवढी मोठी वाट कुठेतरी जात असेलच.

ती जात होतीच. बऱ्याच वेळानं आम्ही एका उघड्या माळावर पोचलो. तिथे दहा-बारा म्हशी पावसात उभ्या होत्या. त्यांनी माना वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या.

"हाच का गं तुझा धबधबा?" गिरीशनं विचारलं.

"गप रे."

"नाही, दिसायला चांगलाय. काळा आहे जरा."

"दोन वर्षांपूर्वी तिथे फाट्यावर एक पांढरी खूण होती दगडावर. पुसली असेल," माणिक म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो स्वतःवरचा असल्यामुळे आम्ही काही बोललो नाही. गिरीशसुद्धा नाही.

मी म्हशींकडे पाहत होते. मला त्यांच्यात जाऊन उभं राहावंसं वाटलं. कोणी त्यांना पुढे चला म्हणत नव्हतं.

आलो तसे मागे फिरलो. उतार होता, पण चिखलातला उतार चढापेक्षा वाईट. गुडघे धरून यावं लागलं. परत त्या फाट्याशी आलो तेव्हा पुढे गेलेले तिघं डावीकडच्या अरुंद वाटेला लागलेही होते. गवत त्यांच्या चालण्यानं आडवं झालेलं दिसत होतं. घळीतून पाण्याचा आवाज येत होता, लांबून, सलग.

फाट्यावर अंजनीचं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी एक सपाट, बसता येण्याजोगा दगड होता. बुटाची नाडी सुटली होती. ती बांधायला मी त्या दगडावर बसले. सॅक बुंध्याला टेकली आणि पाठ सॅकला टेकली. डोक्यावरच्या टोपीवर पाऊस वाजत होता. आत जरा ऊब होती. नाडी एका हातात होती. आता विचार करू, असं मी मनाशी म्हटलं. सोमवारचा.

मला एवढंच आठवतं.

जाग आली ती कोणी उठवल्यामुळे नाही. हे मला पहिल्यांदा जाणवलं, कुठे आहे ते कळण्याच्याही आधी. कितीतरी महिन्यांत मी आपोआप जागी झाले नव्हते. मान अवघडली होती, मांडीवर पाणी साचलं होतं. नाडी तशीच हातात होती. बोटं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली झाली होती. त्यावरून झोप दोन मिनिटांची नव्हती हे कळलं. धुकं इतकं दाट होतं की समोरची वाटही नाहीशी झाली होती.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. डोकं धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ झालं होतं. सोमवारी साहेबांना काही सांगायचं नाही, हे त्यात आधीपासूनच असल्यासारखं होतं. मी ते ठरवलं नाही. ते तिथे होतं.

मग खूप वरून, पाण्याच्या आवाजातून, माणिकचा आवाज आला. "एक."

"दोन."

"तीन."

आणि त्यानंतर काही नाही.

ते थांबले होते. तीन माणसं कुठेतरी ओल्या दगडांवर उभी राहून माझ्या आवाजाची वाट पाहत होती. त्या तीनच्या नंतर माझ्यासाठी ठेवलेली ती जागा मी ऐकली. पाऊस ऐकू येत होता, पाणी ऐकू येत होतं, बाकी कोणी काही बोलत नव्हतं. मी लगेच उत्तर दिलं नाही, याचं मला वाईट वाटत नाही. मी जरा वेळ नुसती ऐकत बसले.

पुन्हा आवाज आले. या वेळी भरभर, वेगळ्या स्वरात. "एक. दोन. तीन." आणि मग निलाचा, चिरकलेला. "वसू. ए वसू."

"शेवट," मी ओरडले. आवाज झाडापलीकडेही गेला नसावा. मी उठून दुसऱ्यांदा ओरडले, तिसऱ्यांदा ओरडले. ते तिसरीकडेच हाका मारत होते, बहुधा खाली घळीच्या दिशेला. मग आठवण झाली. औषधांचा डबा उघडला, पट्ट्यांच्या खालून शिट्टी काढली आणि फुंकली. थांबून पुन्हा फुंकली. हरवलेल्यानं जागा सोडायची नाही, हाही आमचाच नियम. मी दगडावर बसून नाडी बांधली आणि मधे मधे शिट्टी वाजवत राहिले.

आधी माणिक आली. तिचा गुडघा फुटला होता आणि टोपी नव्हती. तिनं मला दोन्ही खांद्यांना धरलं.

"कुठे लागलंय? पडलीस का?"

"नाही. झोप लागली."

"काय लागलं?"

"झोप. इथे बसले, झोप लागली."

माणिकनं माझ्याकडे पाहिलं. मग ती खाली चिखलातच बसली. मागून निला आली, तिच्या मागून गिरीश. गिरीशचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला पाहून तो जवळ आला नाही. चार पावलांवर उभा राहिला.

"खाली घळीत बघत होतो आम्ही," निला म्हणाली. ती रडत होती आणि चष्मा पुसत होती, ओल्या रुमालानं. "पाण्यात बघत होतो गं."

"शेवट कोण म्हणालं?" माणिकनं विचारलं. माझ्याकडे न बघता. "मी ओढा ओलांडायच्या आधी आकडे घेतले. शेवट ऐकू आलं. मी कानानं ऐकलं. म्हणून मी पुढे गेले. वर पोचलो, फोटो काढले, चहा ओतला, तरी ही येईना. मग गिरीश कबूल झाला. सांग ना रे आता तूच तिला."



"मी म्हणालो," गिरीश म्हणाला. "मला वाटलं तू मागेच आहेस. दिसत नव्हतीस, पण असशीलच, म्हटलं. तुला दम लागलेला. म्हटलं, तिला कशाला ओरडायला लावायचं, आपणच म्हणू तिच्याऐवजी." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "गंमत नव्हती गं. या वेळची गंमत नव्हती. तुला त्रास नको म्हणून."

माणिकनं उठून त्याच्या पाठीत हाणली. ओल्या रेनकोटवर मोठा आवाज झाला. त्यानं अंग काढून घेतलं नाही.

"मार अजून," तो म्हणाला.

"असू दे," मी म्हणाले. "घरीही तेच झालंय."

मला हे बोलायचं नव्हतं, पण बोलून झालं. मग त्या दगडावर बसूनच मी त्यांना गॅलरीतल्या फोनबद्दल सांगितलं. फार सांगण्यासारखं नव्हतंच.

"म्हणजे तू सोडतेयस नोकरी?" निलानं विचारलं.

"नाही."

"मिलिंदला सांगितलंस?"

"अजून नाही. आत्ताच कळलं मलाही."

"आणि अण्णांचं काय करणार?" माणिक बँकेतली आहे, ती पुढचा प्रश्न आधी विचारते.

"माहीत नाही. रात्रीची बाई बघावी लागेल. मिलिंदनं एक दिवसाआड उठावं लागेल. वन्संनी यावं लागेल. काय होईल ते माहीत नाही. पण मी तसं म्हणाले नव्हते, एवढं माहीत आहे."

कोणी सल्ला दिला नाही. निलानं फ्लास्कमधला उरलेला चहा मला दिला. तो कोमट होता. मी तो बसून प्यायले आणि तिघंही बसून राहिले. मी पेला परत दिल्यावर माणिक उठायला लागली आणि मधेच थांबली.

"उठू या का?" तिनं मला विचारलं.

"थांब जरा."

ती पुन्हा बसली.

"आता खालीच उतरू," थोड्या वेळानं गिरीश म्हणाला. "दुपार कललीच आहे. वसूला घरी पोचायला उशीर होईल. ती बाई संध्याकाळी जाते ना?"

"जाते. मिलिंद आहे घरी." मी सॅक उचलली. "मला धबधबा बघायचाय."

"आत्ता?"

"तुम्ही बघून आलात. मी कुठे बघितला?"

"मग तू पुढे हो," माणिक म्हणाली. "मी मागे राहते."

"मला वाट माहीत नाही."

"गवत आडवं झालंय बघ. आणि चुकलीस तर मी चुकले तेवढीच चुकशील."

त्या वाटेवर मी पुढे चालले. कॉलेज सोडल्यापासून नव्हे, एकंदरीतच पहिल्यांदा. पुढे चालताना फार काही वेगळं वाटत नाही. चढ तेवढाच असतो. फक्त कोळ्यांची जाळी तोंडावर येतात, ती मागच्यांना कधी लागत नाहीत. दम लागला की मी थांबत होते आणि मग माझ्या मागचे तिघं थांबत होते. गिरीशचा पाय एकदा माझ्या टाचेवर पडला.

"म्हातारे, गिअर बदल," तो सवयीनं म्हणाला. मग म्हणाला, "नाही नाही, चालू दे तुझं. सावकाश."

"बोल की. तेवढ्यानं मला काही होत नाही."

"मागच्याला शेंगदाणे मिळणार नाहीत, एवढंच म्हणतोय."

ओढ्याशी धुकं इतकं झालं की मागचं कोणी दिसेना. मी थांबले. मागचेही थांबले असावेत. कोणी काही बोलेना. मला वाटलं माणिक म्हणेल. मग लक्षात आलं की हे आता मी सुरू करायचं आहे.

"एक," मी म्हणाले.

"दोन," निला.

"तीन." गिरीशनं तीन म्हटलं आणि गप्प बसला. मागे बऱ्याच अंतरावर माणिकचं पाऊल चिखलातून सुटल्याचा आवाज झाला.

"शेवट," ती म्हणाली. तिलाही धाप लागली होती.

धबधबा मला पूर्ण दिसला नाही. घळीत ढग शिरला होता. वर कुठून पाणी येतं ते झाकलेलं होतं. खालचा भाग तेवढा दिसला, पाणी कातळावर आपटून पांढरं होताना. डोहातलं पाणी तांबूस होतं, मातीचं. मगाशी सगळा दिसत होता, अगदी वरपर्यंत, असं निला दोनदा म्हणाली. फोन काढून फोटो दाखवायला लागली. मी नको म्हणाले. मला जेवढा दिसत होता तेवढा पुरे होता. तुषारांनी माझा चष्मा भरला तेव्हा तोही दिसेनासा झाला आणि मी चष्मा न पुसता उभी राहिले.

उतरायला आम्हाला फार वेळ लागला. मीच पुढे होते.

मामींनी भाकऱ्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवल्या होत्या. "मला वाटलं, तुमी बी पळालाव," म्हणाल्या. ओटीवर घोंगडी अंथरलेली होती. गिरीश, निला, माणिक ओळीनं बसले. माझ्यासाठी भिंतीकडेची, टेकायची जागा सोडलेली होती. फोनला तिथे अंगणाच्या कोपऱ्यातच रेंज मिळत होती. मिलिंदचे बरेच फोन येऊन गेलेले दिसत होते. मी मोरीवर हातपाय धुतले आणि कोपऱ्यात उभी राहून त्याला लावला.

"अगं कुठे आहेस? बाई गेली. अण्णांची संध्याकाळची गोळी कुठली, पांढरी की पिवळी?"

"पिवळी. डब्यावर वार लिहिलेत."

"बरं. निघालात ना?"

"अजून जेवायचंय. उशीर होईल." मग मी म्हणाले, "मिलिंद, काल वन्संना तू सांगितलंस ना, मी नोकरी सोडतेय म्हणून?"

"हो. म्हणजे आपलं बोलणं झालंच होतं ना."

"तू बोलला होतास. मी काही म्हणाले नव्हते. मी सोडत नाहीये. वन्संना तूच परत फोन कर. तूच सांगितलंस, तर तूच बदल."

"वसू, तू दमली आहेस. घरी ये, शांतपणे बोलू."

"दमले आहे," मी म्हणाले. "म्हणून तर आत्ता सांगतेय. घरी आल्यावर मी झोपणार आहे. आज रात्री अण्णांना कूस तू बदलून दे. डावीकडे वळवताना आधी गुडघा दुमडायचा, मग खांदा."

मी फोन बंद करून खिशात ठेवला.

ओटीवर तिघांची ताटं वाढून झाली होती. पिठल्यावर साय धरायला लागली होती. कोणी हात लावला नव्हता. मी भिंतीला पाठ टेकून बसले, पाय लांब केले आणि मामींनी माझ्या पानात भाकरी टाकली.